एप्रिल लागला की फझ पेडल का गुदमरतं?

फझ पेडल म्हणजे गिटारचा आवाज फाटका आणि भरदार करणारा पायाखालचा डबा. त्याच्या दुखण्याचं लक्षण असं. सकाळी सहाला पेडल झकास. तार छेडली की आवाज भरून येतो आणि सावकाश विरतो. दुपारी तीनला तेच पेडल, तीच बॅटरी, तीच गिटार, पण सूर अर्ध्यातच कापला जातो. हळू वाजवलं तर काहीच ऐकू येत नाही, जोरात वाजवलं तर फुर्रर्र होऊन बंद. रात्री नऊला पुन्हा शहाणं.

मी राहतो आर्वीच्या बाजूला, वर्धा जिल्ह्यात. घर टिनाचं. एका १४ एप्रिलच्या कार्यक्रमात, दुपारी चारच्या सुमारास, टिनाच्या मंडपात, भीमगीताच्या मधल्या म्युझिकमध्ये या पेडलनं मान टाकली. कॅसिओवाल्या पोट्ट्यानं माझा तुकडा वाजवून वेळ मारून नेली. रात्री घरी लावून पाहिलं तर पेडल असं वाजलं, जसं काही झालंच नव्हतं. तरी मी सोल्डरचे सगळे डाग पुन्हा गरम केले. पुढच्या उन्हाळ्यात कपॅसिटर बदलले. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात फूटस्विच बदलला. दर वेळी दुरुस्ती लागू पडली, कारण दुरुस्ती मी रात्री करायचो.

सर्किट कोणतं ते सांगतो. १९६६ साली लंडनमध्ये आर्बिटर कंपनीनं फझ फेस नावाचं पेडल काढलं, त्याचंच हे. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट (फिरवून कमी-जास्त करायचे रेझिस्टर). झिरो पीसीबीवर, म्हणजे दुकानात तयार मिळणाऱ्या छिद्रांच्या बोर्डावर, दोन तासांत बसतं, म्हणून पेडल बनवायला लागलेला जवळपास प्रत्येक जण इथूनच सुरुवात करतो. मूळ पेडलमध्ये एनकेटी २७५ हे जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते. माझ्यात एसी १२८ आहेत, जुन्या रेडिओंच्या भंगारातून काढलेले. तुमच्या पेडलमध्ये बीसी १०८ किंवा बीसी ५४७ सारखे सिलिकॉन ट्रान्झिस्टर असतील, तर उन्हाचा भाग सोडून थेट पावसाच्या भागाकडे जा. तुमचं दुखणं बहुतेक तिथं सापडेल.

आधी एक आकडा मोजा

चौथ्या उन्हाळ्यात मी सोल्डरिंग आयर्न कपाटात टाकली आणि फक्त मल्टिमीटर बाहेर ठेवला. या सर्किटची नाडी एकाच जागी सापडते: दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर (एमिटर, बेस, कलेक्टर या त्याच्या तीन पायांपैकी एक). नऊ व्होल्टच्या बॅटरीवर तिथं साधारण निम्मे, म्हणजे ४.५ व्होल्ट असावेत. एसी १२८ पीएनपी जातीचे (मायनस सप्लायवर चालणारे) असल्यामुळे या पेडलमध्ये बॅटरीचं प्लस टोक ग्राउंडला असतं. त्यामुळे आकड्याआधी वजा चिन्ह दिसलं तर घाबरू नका, आकडा तेवढा पाहा.

झाकणाच्या आतल्या बाजूला मास्किंग टेपचा तुकडा चिकटवला आणि दिवसभर लिहीत गेलो. सकाळी ६ ला, खोलीत २७ अंश: ४.७ व्होल्ट. दुपारी १ ला, ३९ अंश: ६.८. दुपारी ३ ला टिनाखालच्या टेबलावर, ४३ अंश: ८.४. रात्री १० ला पुन्हा ५ च्या घरात. थर्मामीटर म्हणून मी माशांच्या टाकीला लावतात तो वायरवाला डिजिटल घेतला होता. तापाचा थर्मामीटर ४२ च्या पुढे जात नाही, आपल्या मे महिन्याला तो पुरत नाही.

हा टेप पाहिला आणि तीन वर्षांच्या सगळ्या दुरुस्त्या वाया गेल्या हे कळलं. कलेक्टर ९ कडे सरकतोय म्हणजे दुसरा ट्रान्झिस्टर बंद पडत चाललाय. बंद पडणारा ट्रान्झिस्टर लहान सिग्नल गिळतो आणि फक्त मोठे झटके बाहेर सोडतो. तेच ते फुर्रर्र.

एक सांगतो, मल्टिमीटरची स्वतःची बॅटरी उतरली असेल तर साधे मीटर चढे आकडे दाखवतात. आणि आपल्याकडे पेडलसाठी बॅटरी कुठून येते? मीटरमधून काढून. नवी बॅटरी अकरा व्होल्ट दाखवतेय की साडेनऊ, एवढं आधी तपासून घ्या.

सगळा खेळ चार मायक्रोअँपिअरचा

दोष दुसऱ्या ट्रान्झिस्टरवर दिसत असला तरी गुन्हेगार पहिला आहे. त्याच्या कलेक्टरवर ३३ के (किलोओम) चा रेझिस्टर आहे. कलेक्टरवर साधारण ०.७ व्होल्ट धरा, तर त्या रेझिस्टरमधून पाव मिलिअँपिअर, म्हणजे २५० मायक्रोअँपिअर जातात. ट्रान्झिस्टरचा गेन, म्हणजे बेसचा करंट तो जितक्या पट करतो तो आकडा, ६५ च्या आसपास असेल तर बेसला लागतात जेमतेम ४ मायक्रोअँपिअर. हे ४ मायक्रोअँपिअर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या एमिटरवरून १०० के च्या रेझिस्टरमधून मागे येतात. म्हणजे पहिला दुसऱ्याला सांभाळतो आणि दुसरा पहिल्याला.

जर्मेनियम मात्र मुळातच गळकं. बेसला काही न देताही त्यातून थोडा करंट वाहतो. तापमान दर ८ ते १० अंशांनी वाढलं की ही गळती साधारण दुप्पट होते. पंचवीस अंशांना १०० मायक्रोअँपिअर गळणारा ट्रान्झिस्टर पंचेचाळीसला ४०० गळणार. पण सर्किटला हवेत फक्त २५०! मग पहिला ट्रान्झिस्टर न विचारता पूर्ण उघडतो, त्याच्या कलेक्टरवरचा व्होल्टेज कोसळतो, दुसऱ्याच्या बेसला काही उरत नाही आणि तो झोपतो. लंडनच्या हवेत जन्मलेल्या सर्किटला नवतपा माहीत असण्याचं कारण नाही.

खात्री करायची एक सोपी युक्ती आहे. मीटर दुसऱ्याच्या कलेक्टरवर लावून ठेवा आणि पहिल्या ट्रान्झिस्टरची टोपी दोन बोटांत धरा. त्याच्या पायांना हात लावू नका. गळती हेच कारण असेल तर दहा-पंधरा सेकंदांत आकडा हलतो. थंडीत बोटाच्या उबेनं तो वर चढतो. मी हे मे महिन्यात दुपारी केलं तेव्हा आकडा खाली आला. क्षणभर वाटलं मीटर बिघडला. मग लक्षात आलं, खोलीत ४३ अंश आणि माझं बोट ३७ चं. माझ्या बोटानं ट्रान्झिस्टरला गारवा मिळत होता.

उपाय, माझ्या पसंतीच्या क्रमानं

सगळ्यात आधी पहिला ट्रान्झिस्टर निवडून लावा. गळती मोजायला नऊ व्होल्टची बॅटरी, २.२ के आणि २७० ओम असे दोन रेझिस्टर सीरिजमध्ये, आणि मीटर एवढं पुरतं. पीएनपीचा एमिटर बॅटरीच्या प्लसला, कलेक्टर त्या २.४७ के मधून मायनसला, बेस मोकळा. रेझिस्टरच्या दोन टोकांत ०.२५ व्होल्ट दिसले म्हणजे गळती १०० मायक्रोअँपिअर. आता बेसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत २.२ मेगओमचा रेझिस्टर जोडा. आकडा वाढेल. वाढलेल्या आकड्यातून आधीचा वजा करा आणि शंभरानं गुणा, तो गेन. ०.७ वाढला तर गेन ७०. ट्रान्झिस्टर हाताळल्यावर मिनिटभर थांबून आकडा घ्या, नाहीतर स्वतःच्या बोटाची ऊब मोजून बसाल. पहिल्या जागी ७० च्या आसपास, दुसऱ्या जागी ११०-१२० च्या आसपास गेन असला की हे सर्किट खुलतं.

हे मोजमाप बहुतेक जण सोयीच्या वेळी करतात, संध्याकाळी, कूलरसमोर. मी म्हणतो मे महिन्यात दुपारी दोनला करा. माझ्याकडे बारा एसी १२८ होते. डिसेंबरात मोजले तेव्हा त्यातले नऊ चांगले निघाले होते. मेच्या दुपारी १५० मायक्रोअँपिअरच्या खाली राहिले फक्त तीन. त्यातला एक पहिल्या जागी बसलाय, दोन डबीत आहेत, ते मी कोणाला देत नाही.

दुसरा उपाय, दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरच्या ८.२ के च्या जागी २० के चा पॉट. पहिला ट्रान्झिस्टर थोडा गळत असेल तर दुसऱ्यातून करंट कमी जातो. रेझिस्टर वाढवला की त्याच करंटवर व्होल्टेज पुन्हा ४.५ वर आणता येतो. उन्हाळ्यात माझा पॉट १६-१८ के वर असतो, थंडीत ८-९ वर. मी तो डब्याच्या बाहेर काढलाय आणि त्याच्या एका बाजूला ‘दिवाळी’, दुसऱ्या बाजूला ‘जयंती’ असं मार्करनं लिहिलंय. पण ट्रान्झिस्टर पूर्ण झोपल्यावर या पॉटचा काही उपयोग नाही. शून्य करंटला कितीही मोठा रेझिस्टर लावला तरी शून्यच. म्हणून हा उपाय पहिल्याच्या जोडीला.

तिसरा उपाय जर्मेनियमच्या भक्तांना आवडणार नाही. पहिल्या जागी सिलिकॉन लावा, दुसऱ्या जागी जर्मेनियम ठेवा. बीसी ५५७ए पीएनपी आहे आणि कोणत्याही दुकानात मिळतो. त्याची सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एसी १२८ च्या पायांचा क्रम वेगळा असतो, तेव्हा टेस्टरवर तपासूनच बसवा. शेवटी ए असलेलाच घ्या. बी आणि सी चा गेन फार. सिलिकॉन लावल्यावर दुसऱ्या उपायातला पॉट ५-६ के च्या आसपास येईल. गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज जसा स्वच्छ होतो, ती गंमत थोडी कमी होते हे खरं. पण दुपारी चारच्या मंडपात वाजणारा मिश्र फझ मला न वाजणाऱ्या शुद्ध फझपेक्षा बरा वाटतो. सिलिकॉन लावलात तर बेस आणि कलेक्टरमध्ये १०० पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर टाका. मी आधी टाकला नव्हता, तर दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत स्पीकरमधून आकाशवाणी बारीक आवाजात बोलायला लागली. समोरच्या म्हाताऱ्यांना तोच भाग आवडला.

काहीही करा, ट्रान्झिस्टर सरळ बोर्डावर डाग देऊन बसवू नका. गोल छिद्रांच्या आयसी सॉकेटची पट्टी कापून तीन-तीन पायांची बैठक करा. बदलणं, मोजणं, सगळं सोपं होतं आणि जुन्या जर्मेनियमला आयर्नचा चटकाही लागत नाही. मंडपात पेडल उन्हाच्या पट्ट्यात ठेवू नका, आणि काळ्या रंगाचा डबा तर मुळीच नको. माझा पहिला डबा काळा होता, दिसायला भारी होता.

पाऊस लागल्यावर तेच लक्षण

एवढं झाल्यावर मी निवांत होतो. मग आषाढात शेजारच्या गावचा एक भाऊ आला, बँड पार्टीत बेंजो वाजवतो. त्याला मीच एक फझ करून दिला होता. पिशवीतून डबा काढत म्हणाला, “दादा, उन्हाळाभर चांगला वाजला बा हा. पाऊस लागला का काऊन मरते?”

मीटर लावला. दुसऱ्याचा कलेक्टर: ८.१. खोलीत २८ अंश. त्याच्यात दोन्ही ट्रान्झिस्टर पारखून लावलेले, पहिला तर सिलिकॉनच. ऊन नाही, गळकं जर्मेनियम नाही, आणि आकडा मात्र उन्हाळ्याचा.

बोर्ड उलटा केला तेव्हा दिसलं. तपकिरी हायलमचा (दाबलेल्या कागदाचा) स्वस्त झिरो पीसीबी, आणि डागांच्या भोवती पिवळसर चिकट थर. त्या वेळी घाईत मी डबीतली सोल्डरिंग पेस्ट वापरली होती, पातेल्याला डाग देताना लावतात तसली. ती पेस्ट ओल धरते. कागदी हायलमही धरतं. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसची तांब्याची पट्टी आणि नऊ व्होल्टची पट्टी एकमेकींना लागून होत्या. मधल्या त्या ओलसर थराचा रेझिस्टन्स एक मेगओम झाला असं धरा. नऊ व्होल्ट भागिले एक मेगओम, म्हणजे ९ मायक्रोअँपिअर. बेसला हवेत ४, आणि सिलिकॉनच्या वाढीव गेनमुळे त्याच्यात तर दोनच पुरतात. म्हणजे उन्हाळ्यात जे काम गळका ट्रान्झिस्टर करतो, तेच पावसाळ्यात बोर्डावरची घाण करते. जागा तीच, पहिल्याचा बेस.

ऊन की ओल, हे ओळखायला गरम हवा कामाची. मी कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायचा १०० वॅटचा बल्ब वापरतो, तुम्ही हेअर ड्रायर वापरा. ट्रान्झिस्टर बैठकीतून काढून बाजूला ठेवा. नुसता बोर्ड दहा मिनिटं शेकवा, पुरता थंड होऊ द्या, मग ट्रान्झिस्टर लावून मोजा. आकडा सुधारला तर दोष ओलीचा. काहीच फरक पडला नाही तर पुन्हा ट्रान्झिस्टरकडे वळा. ट्रान्झिस्टर लावलेले असतानाच शेकवलंत तर दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतील आणि काही कळणार नाही.

आणखी पक्कं करायचं असेल तर बॅटरी, दोन्ही ट्रान्झिस्टर आणि एलईडीची वायर काढा. उलट्या जोडणीपासून वाचवायला डायोड टाकला असेल तर त्याचंही एक टोक सोडा. मग मीटर २ मेगओमच्या रेंजवर ठेवून बेसची पट्टी आणि सप्लायची पट्टी यांच्यात मोजा. मीटरनं नुसता डावीकडचा १ दाखवायला हवा, म्हणजे रेंजच्या पलीकडे. एकही खरा आकडा दिसला तर ती गळती. भाऊच्या बोर्डावर ०.८ दिसलं.

सफाईला मोबाइल दुरुस्तीवाल्याकडचं आयसोप्रोपिल आणि जुना टूथब्रश. रंगाच्या दुकानातलं थिनर नको, ते पॉटचं आणि वायरचं प्लास्टिक खातं. घासल्यावर पट्ट्यांच्या मधल्या फटीतून सुई ओढा. काळं-पिवळं काय काय निघतं ते पाहून पुन्हा पेस्ट वापरणार नाही. पोटात राळ असलेली ६०/४० ची तार घ्या, बाहेरून काही लावावं लागत नाही. बोर्ड चांगला वाळल्यावर मी तांब्याच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात देतो. घरात त्याबद्दल थोडी बोलणी खावी लागतात.

नवीन बोर्ड मांडताना बेसच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना एक-एक पट्टी रिकामी सोडतो आणि त्या दोन्ही ग्राउंडला जोडतो. घाण साचलीच तरी गळती सप्लायकडून न येता ग्राउंडकडे जाते, आणि बेस ग्राउंडपासून तसाही फार वर नसतो. शक्य असेल तर हिरवट काचेच्या एपॉक्सीचा बोर्ड घ्या. महाग पडतो, पण ओल कमी धरतो.

हे आधी पाहून घ्या

वर सांगितलेलं सगळं करण्याआधी काही साध्या गोष्टी. व्हेरोबोर्डवर (तांब्याच्या पट्ट्यांच्या तयार बोर्डावर) ड्रिलच्या टोकानं पट्टी तोडली असेल तर बोर्ड उजेडासमोर धरा. केसाएवढा तांब्याचा धागा राहून जातो आणि दिवसभर चकवतो. अडॅप्टर लावत असाल तर त्याची पोलॅरिटी पाहा. पेडलच्या जगात मधली पिन मायनस असते, वायफाय राउटरच्या अडॅप्टरची मधली पिन प्लस. आणि प्लस ग्राउंडचं पेडल दुसऱ्या पेडलांसोबत एकाच अडॅप्टरवर लावू नका, सप्लाय सरळ शॉर्ट होतो. त्याला आपली बॅटरीच बरी, हे पेडल एक मिलिअँपिअरसुद्धा खात नाही.

गुणगुण असेल तर बॅटरीवर लावून पाहा. तरीही राहिली आणि पेडल बाजूला काढल्यावरही राहिली, तर दोष पेडलमध्ये नाही. आमच्याकडे मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक होतो आणि सगळ्या मंडपाची गुणगुण एकदम वाढते. माइकला ओठ लागून चटका बसत असेल तर वाजवणं थांबवा, लाइटवाल्याला बोलवा, खड्ड्यात पाणी घालायला लावा. गुणगुण घालवायला अँपच्या प्लगची अर्थची पिन मात्र कधीच काढू नका. तो उपाय सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक मंडपात असतो.

भाऊचा डबा साफ करून, नेलपॉलिश लावून, त्याच्या झाकणातही एक टेप चिकटवून दिला: ‘५.१, श्रावण, पाऊस चालू’. पोळ्याला त्याच्या गावी गेलो तेव्हा त्याखाली त्यानं स्वतःच्या अक्षरात आणखी दोन आकडे लिहिले होते. कुठून तरी मीटर पैदा केला होता पठ्ठ्यानं.